एचएमआयवर मराठी, हिंदी, इंग्रजी: स्क्रीन एकच ठेवा, शब्द कामगाराचे घ्या

प्रश्न थोडक्यात असा. चाकणमधल्या एका मशीन बनवणाऱ्या कारखान्यातले कंट्रोल इंजिनिअर विचारतात: पॅकिंग मशीनच्या सात इंची टचस्क्रीनवर (एचएमआय, म्हणजे ऑपरेटर जिथून मशीन बघतो आणि चालवतो तो पडदा) गिऱ्हाइकाला इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषा हव्या आहेत. इंग्रजी स्क्रीन तयार आहेत. त्यांच्या दोन कॉप्या काढून मजकूर बदलला तर चालेल का? शिवाय मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर नीट दिसतात, पॅनेलवर मात्र वेलांट्या भलतीकडे जातात. आणि अलार्मचं काय करायचं?

कॉप्या काढू नका. हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण सुरुवातीच्या काळात मी तेच केलं होतं. एका सीलिंग मशीनवर इंग्रजी आणि मराठी अशा स्क्रीनच्या दोन वेगळ्या रांगा होत्या. ट्रायलच्या वेळी सीलिंग जॉच्या (फिल्म गरम दाबून चिकटवणाऱ्या जबड्याच्या) तापमानाची कमाल मर्यादा आम्ही १८० वरून २२० अंश केली, दोन्हीकडे. नंतर फिल्म जळते म्हणून ती पुन्हा १८० वर आणली, पण फक्त इंग्रजीकडे. मराठी स्क्रीनवरचा रकाना तसाच राहिला. दोन महिन्यांनी तिसऱ्या पाळीत कोणीतरी मराठी स्क्रीनवरून २१० भरले, फिल्म वितळून जॉला चिकटली आणि अख्खी पाळी साफसफाईत गेली. आम्ही फोनवरून सांगत राहिलो की २१० भरताच येत नाहीत, कारण आम्ही पाहत होतो ती इंग्रजी स्क्रीन. ऑपरेटर खरं बोलत होता आणि आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. त्या दिवसापासून माझा नियम आहे: रकाने, बटणं, मर्यादा, लॉजिक हे सगळं एकदाच. बदलतो तो फक्त मजकूर.

म्हणजे प्रत्येक मजकुराला एक क्रमांक किंवा नाव द्यायचं, आणि त्या क्रमांकासमोर तीन रकाने: इंग्रजी, हिंदी, मराठी. आज वापरात असलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये याची सोय असते. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलमध्ये आधी प्रोजेक्टच्या भाषा निवडायच्या, मग रनटाइम सेटिंगमध्ये त्यातल्या कोणत्या पॅनेलवर जाणार ते ठरवायचं. सगळा मजकूर एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो, भाषांतर भरून परत आत घेता येतो, आणि बटणावर सेटलँग्वेज हे फंक्शन लावलं की भाषा बदलते. वेनटेकच्या इझीबिल्डर प्रोमध्ये लेबल लायब्ररी असते आणि भाषा कोणती हे एलडब्ल्यू-९१३४ या रजिस्टरमधला आकडा ठरवतो. पहिल्या भाषेला ० येतो, हे लक्षात ठेवा. इनटचमध्ये भाषेसाठी सिस्टीमचा स्वतंत्र टॅग (नाव दिलेली मेमरीतली जागा) आहे, इग्निशनमध्ये ट्रान्सलेशन मॅनेजर. पीसीवरच्या जुन्या विनसीसीमध्ये विंडोजचे भाषाक्रमांक चालतात: हिंदीचा १०८१, मराठीचा ११०२. पॅकेज कोणतंही असो, तत्त्व तेच, त्यामुळे मेनू कुठे आहे यावर मी शब्द खर्च करत नाही. मॅन्युअलमध्ये ते मिळतं.

मॅन्युअलमध्ये न मिळणारी एक गोष्ट मात्र इथेच सांगतो. भाषेचा आकडा पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, टॅगमध्ये ठेवू नका. लाइनवर दोन पॅनेल असतील, एक फीडरपाशी आणि एक पॅकिंगपाशी, तर एकाने हिंदी दाबलं की दुसऱ्याच्या हातातली स्क्रीनही हिंदी होते. भाषा ही त्या पॅनेलची, किंवा लॉगिन असेल तर त्या माणसाची असावी. आणि भाषा बदलायचं बटण कधीही पासवर्डमागे लपवू नका. मागच्या पाळीतला माणूस स्क्रीन ज्या भाषेत सोडून गेला ती न कळणाऱ्यालाच तर त्या बटणाची गरज असते. ते प्रत्येक स्क्रीनवर, एकाच कोपऱ्यात, आणि प्रत्येक भाषेचं नाव त्या भाषेच्या लिपीत असू द्या. झेंड्यांची चित्रं आपल्याकडे उपयोगाची नाहीत, कारण हिंदी आणि मराठीचा झेंडा एकच.

आता वेलांट्यांचं. देवनागरीत ‘ि’ ही टाइप होते अक्षरानंतर आणि दिसते अक्षराआधी. जोडाक्षरात दोन-तीन वर्ण मिळून एक आकृती होते. ही जुळवाजुळव फॉन्ट एकटा करत नाही. त्यासाठी पॅनेलमधल्या सॉफ्टवेअरला अक्षरं रचता यावी लागतात. तुमच्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटर (पॅनेलची नक्कल) चालतो तेव्हा हे काम विंडोज करून टाकतं, म्हणून तिथे सगळं सुरेख दिसतं. पॅनेलच्या आत विंडोज नसेल, किंवा त्याची छाटलेली आवृत्ती असेल, तर ‘स्थिती’ मधली वेलांटी ‘थ’ च्या पुढे जाऊन बसते आणि ‘ट्रिप’ चे तुकडे पडतात. त्यामुळे सिम्युलेटरवर बघून मराठी पास करू नका. पॅनेलची ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून तेच मॉडेल एक दिवस मागून घ्या आणि त्यावर एक ओळ टाका. मी वर्षानुवर्षं हीच ओळ वापरतो: ‘दुसऱ्या ट्रॉलीचा ॲक्च्युएटर, किमान दृष्टिक्षेप, हूक, वळण’. यात ऱ्य आहे, ट्र आहे, ॲ आहे, क्ष आहे, ऋकार आणि दीर्घ ऊकार आहे, आणि ळ आहे. ही ओळ नीट आली की बाकीचं सहसा नीट येतं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं आणि त्या जागी चौकोन येतो. आपल्याकडे ॲम्पिअर, ॲसिड, ॲडजस्टमेंट हे शब्द रोजचे, म्हणून याची झळ मराठीला जास्त बसते.

पॅनेल अक्षरं रचूच शकत नसेल तर? काही जण शब्दांची चित्रं करून लावतात. पंधरा-वीस बटणांपुरतं ते चालतं, अलार्मला चालत नाही, आणि पुढे एक शब्द बदलायला चित्रकाम करावं लागतं. माझं मत विचाराल तर पॅनेल बदला. मराठी स्क्रीनची अट ऑर्डरमध्ये असेल तर ती पूर्ण करणारं पॅनेल हा त्या अटीचाच भाग आहे, आणि तो खर्च कोटेशनमध्येच धरायला हवा.

पीसीवरच्या स्काडामध्ये (पीसीवरून मशीन बघायच्या आणि चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) फॉन्टचा वेगळा घोळ होतो. जुन्या प्रोजेक्टमध्ये मंगल फॉन्ट नेमलेला असतो. विंडोज १० मध्ये मंगल हा ऐच्छिक घटक आहे, आपोआप बसतोच असं नाही. निर्मला यूआय मात्र विंडोज ८ पासून सोबत येतो. पीसी बदलताना फॉन्टची आठवण कोणाला राहत नाही. कमिशनिंगच्या (मशीन बसवून चालू करायच्या) यादीत एक ओळ त्याच्यासाठी ठेवा.

भाषांतर बाहेरून करून घेणार असाल तर फाइल युनिकोडमध्येच हवी हे लेखी सांगा. महाराष्ट्रात छपाईच्या व्यवसायात श्रीलिपी आणि इतर जुन्या पद्धतीचे फॉन्ट अजून वापरात आहेत. तो मजकूर तुमच्या प्रोजेक्टमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. आणि तुमच्या सॉफ्टवेअरला सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने तोडलेली साधी फाइल) लागत असेल तर एक्सेलमधून जपून सेव्ह करा. साधी सीएसव्ही निवडली तर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन जाते आणि फाइल बंद केल्यावर ती परत मिळत नाही. एक्सेल २०१६ पासून यूटीएफ-८ सीएसव्हीचा वेगळा पर्याय आहे, तो घ्या.

अक्षराचा आकार: इंग्रजीला जो पुरतो तो मराठीला पुरत नाही. डोक्यावर मात्रा, अनुस्वार आणि रफार, पायाशी उकार. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या बटणात ‘रूं’ चा शेपटा कापला जातो. सात इंची, ८०० बाय ४८० च्या पॅनेलवर मी मराठी १८ पिक्सेलच्या खाली नेत नाही, आणि बटणाची उंची आखताना मराठी मजकूर भरूनच आखतो. रुंदीचीही तीच गत. सगळ्यात लांब शब्द कोणत्या भाषेत आहे ते आधी बघायचं आणि त्या मापाने चौकट काढायची.

इथवरचं सगळं तांत्रिक आहे आणि दोन दिवसांत जमतं. खरी मेहनत शब्दांची आहे. बहुतेक ठिकाणी मराठी स्क्रीन असूनही ऑपरेटर इंग्रजीच लावून ठेवतो. त्याला मराठी नको असते असं नाही. त्या स्क्रीनवर त्याची मराठी नसते, म्हणून तो इंग्रजीकडे वळतो.

एका कारखान्यात रात्री अडीच वाजता मी हे समोर पाहिलं. कन्व्हेयर बंद पडला होता. स्क्रीनवर लाल पट्टीत लिहिलं होतं: ‘अतिभार संरक्षण कार्यान्वित’. ऑपरेटर जालना जिल्ह्यातला, बारावी झालेला, हुशार. तो रीसेट दाबत होता, पुन्हा दाबत होता. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाला, “संरक्षण चालू झालंय साहेब, म्हणजे चांगलंच असेल ना?” जास्त भार आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले बायमेटलचा (दोन धातूंच्या पट्टीचा), पट्टी गार झाल्याशिवाय तो रीसेट होत नाही. हे त्याला माहीत होतं. फक्त समोरचं वाक्य त्याबद्दल आहे हे कळत नव्हतं. आम्ही त्या रात्रीच मजकूर बदलला: ‘कन्व्हेयर मोटर ओव्हरलोडवर ट्रिप. बेल्ट कुठे अडकलाय का बघा. पाच मिनिटं थांबून रीसेट करा.’ पुढच्या वेळी त्याने आधी बेल्ट पाहिला.

तेव्हा भाषांतराच्या आधी शब्दसूची करा, आणि ती ऑफिसात बसून करू नका. इंग्रजी स्क्रीनचे छापील कागद घेऊन मशीनपाशी जा, तीन वेगळ्या पाळ्यांतल्या तीन माणसांना विचारा, “याला तुम्ही काय म्हणता?” ते म्हणतील ट्रिप, जॅम, सेन्सर, रोल, प्रेशर, रिकामं, भरलंय, घसरतंय, गळतंय. तेच लिहा. ‘दाब’ आणि ‘प्रेशर’ यात वाद झाला तर गेजपाशी उभा असलेला माणूस म्हणतो ते घ्या. आणि मशीनवर जे दाबबटण आहे त्यावर ‘स्टॉप’ कोरलेलं असेल तर स्क्रीनवरही ‘स्टॉप’ च ठेवा. एकाच गोष्टीला दोन नावं, हे कुठल्याही भाषेत वाईट.

काही शब्दांपाशी थांबून विचार करावा लागतो. ‘व्हॉल्व्ह उघडा’ हे घ्या. हा हुकूम आहे की स्थिती? मराठीत दोन्ही होतं: व्हॉल्व्ह उघडा आहे, आणि अहो, तो व्हॉल्व्ह उघडा. स्थितीच्या दिव्याखाली हे लिहिलं तर निम्मी माणसं काहीतरी करायला धावतील. मी स्थितीला ‘ओपन आहे’ आणि बटणाला ‘ओपन करा’ असं ठेवतो, तसंच ‘बंद आहे’ आणि ‘बंद करा’. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांना ‘ओपन’ खटकेल, मला दोन अर्थ निघणं जास्त खटकतं. ‘थांबा’ चंही तसंच. तो माणसाला सांगितलेला शब्द आहे. मशीन थांबवायच्या बटणावर ‘थांबवा’ हवं.

हिंदीचा रकाना मराठीवरून उतरवून काढू नका. लिपी एक असल्यामुळे हा मोह होतो. ‘खाली’ हा एकच शब्द बघा. मराठीत तो खालची बाजू, हिंदीत रिकामं. लिफ्टरच्या बटणावर मराठीत ‘खाली’ बरोबर आहे. तोच शब्द हिंदी रकान्यात गेला तर बिहारमधून आलेला ऑपरेटर लिफ्टर रिकामा आहे असं समजेल. आणि उलट, हिंदीतलं ‘टंकी खाली’ मराठी माणसाला टाकी खाली आलीय की काय असं वाटायला लावेल. हिंदी स्क्रीन हिंदी बोलणाऱ्याकडूनच वाचून घ्या.

आता अलार्मचा प्रश्न, आणि त्यातली सर्वांत मोठी चूक: तुकडे जोडून वाक्य करणं. इंग्रजीत उपकरणाचं नाव एका टॅगमधून, स्थिती दुसऱ्या टॅगमधून घेऊन जोडलं की काम भागतं. मराठीत लिंग आडवं येतं. मोटर चालू झाली, पंप चालू झाला, मशीन चालू झालं. जोडकामाने ‘मोटर चालू झाला’ येतं, आणि वाचणाऱ्याचा त्या स्क्रीनवरचा विश्वासच कमी होतो. विभक्तीही आडवी येते: टाकी, पण टाकीची पातळी, पंप, पण पंपाचं प्रेशर. यावर दोन उपाय आहेत. शक्य तिथे पूर्ण वाक्य लिहा, प्रत्येक अलार्मला त्याचं स्वतःचं. दोनशे अलार्म म्हणजे दोनशे वाक्यं, पण ती एकदाच लिहायची असतात. जिथे जोडावंच लागतं, तिथे न बदलणारे शब्द वापरा आणि मध्ये अपूर्णविराम द्या: ‘टाकी ३: पातळी जास्त’, ‘पंप २: बंद’. चालू, बंद, जास्त, कमी, ट्रिप, जॅम हे शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, म्हणून अशा जोडकामाला फार उपयोगी पडतात. वाक्यात चालू आकडा येणार असेल तर त्याची जागा प्रत्येक भाषेत वेगळी असू शकते, तेव्हा जागा दाखवणारी खूण वाक्याच्या आत ठेवा, शेवटी चिकटवू नका.

अलार्मचा क्रमांक तिन्ही भाषांत एकच आणि ठळक दिसेल असा ठेवा. फोनवर ऑपरेटर म्हणतो, “सत्तेचाळीस आलाय”, आणि तुम्ही पुण्यात बसून इंग्रजी यादी उघडता. हा एवढा धागा तुटला तर बाकी सगळं व्यर्थ आहे. तसंच उपकरणांचे क्रमांक, वायरिंग ड्रॉइंगवरची नावं, एककं यांचं भाषांतर करू नका. आकडेही स्क्रीनवर इंग्रजीच ठेवा. मराठी आकडे मला आवडतात, पण मीटरवर, ड्राइव्हवर आणि गेजवर ते नाहीत, आणि देवनागरीतला एक आणि नऊ लहान अक्षरात घाईत सारखे दिसतात.

अलार्मचा इतिहास साठवताना मजकूर न साठवता क्रमांक आणि वेळ साठवा, मजकूर दाखवताना जोडा. नाहीतर सकाळी मराठीत, दुपारी हिंदीत, असा मिसळलेला इतिहास तयार होतो आणि एकाच अलार्मची महिन्याची मोजणी तीन नावांत विभागली जाते. औषध कारखान्यासारख्या ठिकाणी, जिथे कोणी काय बदललं याची नोंद तपासणीला दाखवावी लागते, तिथे नोंदीची भाषा एकच ठरवून ठेवा, स्क्रीनची काहीही असो.

आणि प्रोग्रॅममध्ये दिसणाऱ्या मजकुरावर कधीही अट लावू नका. स्क्रिप्टमध्ये ‘स्थिती रनिंग असेल तर’ असं लिहिलं असेल, तर भाषा बदलल्याबरोबर ती अट खोटी ठरते. अट नेहमी आकड्यावर. निर्यातीच्या मशीनला हे आणखी लागू होतं. तुर्की भाषेत बिंदूचा आणि बिनबिंदूचा असे दोन ‘आय’ आहेत, त्यामुळे त्या सेटिंगच्या विंडोजवर अक्षरं मोठी करून तुलना करणाऱ्या स्क्रिप्ट चुकतात. जर्मन सेटिंगमध्ये दशांशाला स्वल्पविराम येतो, आणि स्वल्पविरामाने रकाने तोडणारी रेसिपीची (मालागणिक ठरवलेल्या सेटिंगची) फाइल विस्कटते.

तपासणीसाठी माझी एक पद्धत आहे, ती नक्की करून बघा. चौथी, खोटी भाषा जोडा. तिच्या रकान्यात प्रत्येक मजकुराचा फक्त क्रमांक भरा. मग ती भाषा लावून प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक पॉपअप, प्रत्येक अलार्म उघडून बघा. जिथे क्रमांकाऐवजी इंग्रजी शब्द दिसला, तो मजकूर कोणीतरी थेट स्क्रीनवर लिहून ठेवलाय, यादीत नाही. एका दुपारीत सगळे सुटलेले मजकूर सापडतात. रेसिपीची नावं, यूजर ग्रुप, ट्रेंडच्या पेनांची (आलेखातल्या रेषांची) नावं आणि रिपोर्टचं शीर्षक या चार जागा नेहमी सुटतात. पॅनेलचे स्वतःचे संदेश, उदाहरणार्थ पीएलसीशी संपर्क तुटल्याचा, बहुधा मराठीत नसतातच. त्यांपैकी जे ऑपरेटरला दिसतात त्यांच्यासाठी आपला स्वतःचा अलार्म बनवा. आणि एखादा रकाना रिकामा राहिला तर तिथे इंग्रजी दिसेल याची खात्री करा. कोरी लाल पट्टी हा सर्वांत धोकादायक अलार्म आहे.

गिऱ्हाईक म्हणालं की “इंग्रजी पुरे, भाषांतराचे पैसे कापा”, तर सुरक्षेच्या मजकुरापुरतं तरी मागे हटू नका. कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायच्या, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये लिहिलेलं होतं. कलम भिंतीवरच्या सूचनांबद्दल होतं, पण गार्ड उघडा असल्याचा इशारा आता भिंतीवर नाही, स्क्रीनवर असतो, आणि तो वाचणारा माणूस तोच आहे.

मशीन गेल्यावर मजकुराची एक्सेल फाइल प्रोजेक्टच्या बॅकअपबरोबर ठेवा, त्यात प्रत्येक भाषेपुढे ‘कोणी वाचून पाहिलं’ असा रकाना असू द्या. इंग्रजी बदललं की त्या ओळीतले हे रकाने पुसून टाका, म्हणजे पुन्हा वाचायला लागतं. आणि पहिल्या सर्व्हिस भेटीला जाताना मराठी अलार्मची छापील यादी आणि पेन ऑपरेटरच्या हातात द्या. मला अशी एक यादी परत मिळाली तेव्हा तिच्यावर एकतीस खाडाखोडी होत्या. त्यातल्या अठ्ठावीस मी जशाच्या तशा घेतल्या.